टीसीपी बंद केलं, तरी कनेक्शन झालं कसं?

एक प्रोग्रॅम आहे. त्याला सँडबॉक्समध्ये ठेवलंय, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने त्याच्याभोवती कुंपण घातलंय: बाहेर टीसीपी (इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने नेण्याची ठरलेली पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल) कनेक्शन करायचं नाही. प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सॉकेट (नेटवर्कवर बोलण्याचं टोक) मागतो आणि सोबत तीन आकडे देतो: २, १, ६. सॉकेट मिळतं. मग तो कुठल्याशा सर्व्हरच्या ४४३ नंबरच्या पोर्टला (त्या मशीनवरच्या एका सेवेच्या दाराला) जोडायला जातो आणि कर्नल त्याला तिथेच अडवतो. ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. कुंपण काम करतंय.

आता तोच प्रोग्रॅम फक्त शेवटचा आकडा बदलतो: २, १, २६२. सर्व्हर तोच, पोर्ट तोच. या वेळी कनेक्शन होतं. तारेवरून जाणारी पॅकेट पकडून पाहिली, तर सुरुवातीच्या पॅकेटमधला एक जास्तीचा ऑप्शन सोडून बाकी सगळं सरळसाधं टीसीपी दिसतं. जे बंद केलं होतं तेच.

लिनक्सच्या अलीकडच्या कर्नलवर, लँडलॉक नावाची सँडबॉक्सची सोय वापरताना, हे प्रत्यक्ष घडू शकतं. यात कोणी कुलूप फोडलेलं नाही. कर्नलने दिलेला शब्द अक्षरशः पाळलाय. मग चूक कुठे आहे? ते कळायला सॉकेट म्हणजे काय, त्यावर पहारा कुठे कुठे बसतो आणि नवे प्रोटोकॉल त्या पहाऱ्याच्या नजरेतून कसे निसटतात, हे जरा जवळून पाहावं लागेल.

सुरुवात त्या तीन आकड्यांपासून करू. प्रोग्रॅमला नेटवर्कवर काहीही करायचं असेल तर आधी सॉकेट मागावं लागतं. पहिला आकडा घराणं सांगतो: २ म्हणजे आयपीची (इंटरनेटच्या पत्त्यांच्या पद्धतीची) चौथी आवृत्ती, १० म्हणजे सहावी, १ म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमांनी आपापसात बोलायचं युनिक्स सॉकेट. दुसरा आकडा संवादाची तऱ्हा सांगतो: १ म्हणजे सलग प्रवाह, २ म्हणजे सुटे सुटे निरोप. तिसरा आकडा नेमका प्रोटोकॉल: ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी (सुटे निरोप नेणारा), १३२ म्हणजे एससीटीपी (त्याबद्दल पुढे). तिसरा आकडा शून्य दिला तर कर्नल त्या तऱ्हेचा नेहमीचा प्रोटोकॉल घेतो. त्यामुळे २, १, ० आणि २, १, ६ यांतून एकच गोष्ट मिळते, टीसीपी. बहुतेक प्रोग्रॅम शून्यच लिहितात.

इथेच पहिला खड्डा आहे. कोणी नियम लिहिला, ‘तिसरा आकडा ६ असेल तर नकार द्या’, तर शून्य देणारे सगळे आरामात आत जातात. दुसऱ्या आकड्यातही असाच पेच आहे. त्या एकाच आकड्यात प्रोग्रॅम दोन जास्तीच्या खुणा मिसळू शकतो: थांबून राहू नकोस, आणि नवा प्रोग्रॅम सुरू झाला की हे सॉकेट बंद कर. एरवीच्या इंटेल किंवा आर्म प्रोसेसरवर या खुणा २०४८ आणि ५२४२८८ अशा आहेत, म्हणून साधा १ कधी कधी ५२६३३७ होऊन येतो. ‘दुसरा आकडा १ आहे का’ असं तपासणाऱ्या फिल्टरला तो ओळखूच येत नाही. आधी खालचे चार बिट वेगळे काढायचे आणि मग तुलना करायची, हे माहीत असावं लागतं. नियम लिहिणं सोपं वाटतं ते या बारकाव्यांना हात लागेपर्यंतच.

सॉकेट मिळालं म्हणजे संवाद सुरू झाला असं नाही. पुढे बाइंड (मी या पोर्टवर बसतो), लिसन (येणाऱ्यांची वाट पाहतो), कनेक्ट (त्या पत्त्याला जोडतो) आणि मग पाठवणं-घेणं. पहारेकरी यांपैकी कुठल्याही पायरीवर उभा करता येतो, आणि तो नेमका कुठे उभा आहे यावर त्याला काय दिसतं ते ठरतं.

सेककॉम्प नावाचा फिल्टर अगदी उंबरठ्यावर उभा असतो, प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या सीमेवर. सिस्टिम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीचा, नंबर आणि त्यासोबत आलेले आकडे त्याला दिसतात. सॉकेट मागताना तिन्ही आकडे थेट हातात येतात, म्हणून ‘२६२ नको’ असं तो तिथे सांगू शकतो. कनेक्टच्या वेळी मात्र पत्ता आणि पोर्ट प्रोग्रॅमच्या मेमरीत कुठेतरी लिहिलेले असतात आणि कर्नलला फक्त त्या जागेचा निर्देश मिळतो. तो निर्देश उलगडून आत पाहण्याची मुभा या फिल्टरला नाही, आणि ते बरोबरच आहे: त्याने वाचल्यानंतर आणि कर्नलने वापरण्याआधी त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा दुसरा धागा) तिथला पत्ता बदलू शकतो. तपासलेला पत्ता एक आणि जोडलेला दुसरा, असा घोळ झाला असता. थोडक्यात, सेककॉम्पला प्रोटोकॉल दिसतो, पोर्ट दिसत नाही.

दुसऱ्या प्रकारचे पहारेकरी कर्नलच्या आत असतात. लिनक्समध्ये कामाच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर हुक, म्हणजे तपासणी अडकवायच्या जागा, ठेवलेले आहेत: सॉकेट बनवताना, बाइंड करताना, कनेक्ट करताना, पाठवताना. एसईलिनक्स, अ‍ॅपआर्मर आणि लँडलॉक या सुरक्षेच्या सोयी या हुकांवर आपापली तपासणी लावतात. तोवर पत्ता कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत आलेला असतो, त्यामुळे अदलाबदलीची भीती नाही. शिवाय काम कुठल्याही वाटेने आलं तरी हुक लागतो. आयओ-युरिंग नावाच्या नव्या सोयीत प्रोग्रॅम कामांची यादी एका सामायिक रांगेत ठेवतो आणि कर्नल ती तिथून उचलतो. सॉकेट बनवणं, कनेक्ट करणं हेही त्या रांगेतून करता येतं. उंबरठ्यावरच्या सेककॉम्पला त्यातलं एकेक काम दिसत नाही, आतल्या हुकांना दिसतं.

आता २६२ कडे वळू.

मल्टिपाथ टीसीपी, लोक एमपीटीसीपी म्हणतात, ही टीसीपीचीच वाढवलेली आवृत्ती आहे. फोनवर एकाच वेळी वायफाय आणि मोबाइल डेटा असतो. साध्या टीसीपीचं कनेक्शन यांपैकी एकाच वाटेला बांधलेलं असतं. ती वाट गेली की कनेक्शन तुटलं. एमपीटीसीपीत एकाच कनेक्शनखाली अनेक उपप्रवाह चालतात, त्यांना सबफ्लो म्हणतात. एक तुटला तर दुसरा चालू राहतो आणि वरच्या प्रोग्रॅमला काही कळतही नाही. २०१३ साली हा प्रोटोकॉल प्रयोग म्हणून मांडला गेला, त्याच वर्षी अ‍ॅपलने सिरीसाठी तो वापरायला घेतला, आणि २०२० साली त्याची सुधारित आवृत्ती प्रमाण म्हणून आली. मूळ लिनक्स कर्नलमध्ये तो ५.६ आवृत्तीत, २०२० मध्येच दाखल झाला.

तारेवर एमपीटीसीपी टीसीपीच्याच पाकिटातून जातो. पॅकेटच्या आयपी हेडरमध्ये प्रोटोकॉलसाठी आठ बिटांची जागा असते, म्हणजे जास्तीत जास्त २५५. तिथे ६ हाच आकडा असतो, फक्त टीसीपीच्या ऑप्शनांत ‘मला अनेक वाटा चालतात’ अशी खूण असते. समोरच्याला ती समजली तर ठीक, नाहीतर दोघेही गुपचूप साध्या टीसीपीवर येतात. २६२ हा आकडा फक्त प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला आहे, मशीनबाहेर तो कधीच पडत नाही. तो २५६ अधिक ६ असा मुद्दाम निवडलेला, आठ बिटांत न मावणारा. तो सामावून घ्यायला कर्नलला सॉकेटमधलं प्रोटोकॉलचं खानं आठवरून सोळा बिटांचं करावं लागलं.

मग पहारेकऱ्यांनी या २६२ ला काय म्हणायचं? तो टीसीपी आहे की नाही? माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा या एका प्रश्नात आहे, कारण एकाच कर्नलमधल्या दोन पहारेकऱ्यांनी त्याची उलट उत्तरं दिली आहेत.

एसईलिनक्स प्रत्येक सॉकेटला एका वर्गात टाकतो: टीसीपी सॉकेट, यूडीपी सॉकेट, कच्चं आयपी सॉकेट वगैरे. कुठल्या प्रक्रियेला कुठला वर्ग वापरता येईल ते धोरणात लिहिलेलं असतं. सुरुवातीला त्याला २६२ ची ओळख नव्हती. ओळखीचा नसलेला प्रोटोकॉल म्हणून त्याने एमपीटीसीपीचं सॉकेट ‘कच्चं आयपी’ या वर्गात टाकलं. कच्चं आयपी सॉकेट म्हणजे हाताने पॅकेट घडवण्याची सोय, धोरणात ती फारच थोड्यांना दिलेली असते. परिणामी वेब सर्व्हरसारखा सरळ प्रोग्रॅम, ज्याला टीसीपीची पूर्ण परवानगी होती, एमपीटीसीपीवर आला की अडकायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. नंतर कर्नलमध्ये दुरुस्ती झाली: एमपीटीसीपीचं सॉकेटही टीसीपी वर्गात धरायचं. जुनी धोरणं न बदलता चालू लागली. एसईलिनक्सचं उत्तर झालं, ‘हो, हा टीसीपीच आहे’.

लँडलॉकची गोष्ट उलट्या दिशेने गेली. लँडलॉक कर्नलच्या ५.१३ आवृत्तीत, २०२१ मध्ये आला. त्याचं वैशिष्ट्य असं, की मशीनच्या व्यवस्थापकाची गरज लागत नाही: प्रोग्रॅम स्वतःच म्हणतो, ‘यापुढे मला इतक्याच गोष्टी करू द्या’, आणि ते बंधन मागे घेता येत नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते. स्वतःच्या कोडमध्ये चूक असेल हे मान्य करून आधीच हात बांधून घेणं, हा प्रामाणिकपणा सॉफ्टवेअरमध्ये दुर्मीळ आहे. सुरुवातीला त्यात फक्त फाइलींवर बंधनं होती. ६.७ आवृत्तीत, जानेवारी २०२४ मध्ये, नेटवर्कचे पहिले दोन हक्क आले: टीसीपी बाइंड आणि टीसीपी कनेक्ट. हे हक्क आवळले की ज्या पोर्टांना नाव घेऊन परवानगी दिली असेल तेवढेच उघडे राहतात.

पहिल्या आवृत्तीत तपासणी ‘सॉकेट सलग प्रवाहाचं आहे का’ एवढीच होती, म्हणजे तीनपैकी दुसरा आकडा. त्यामुळे टीसीपीच्या नावाने लिहिलेला नियम एमपीटीसीपी, एससीटीपी, एसएमसी (शेवटच्या दोघांबद्दल पुढे) अशा सगळ्याच प्रवाही प्रोटोकॉलना लागत होता. वरवर पाहता चांगलंच आहे, जास्त पहारा. पण नियमात ‘टीसीपी’ असं लिहिलंय आणि लागतोय भलत्यालाच, ही चूकच होती. एससीटीपीचे पोर्ट टीसीपीच्या पोर्टांहून पूर्णपणे वेगळे असतात. टीसीपीच्या ४४३ ला परवानगी दिली की न मागता एससीटीपीच्या ४४३ लाही मिळत होती, आणि टीसीपी आवळलं की ज्याचा काही संबंध नाही असं एससीटीपी बंद पडत होतं. म्हणून तपासणी नेमकी केली गेली: प्रोटोकॉल खरोखर टीसीपी असेल तरच. त्या क्षणी २६२ कुंपणाबाहेर गेला. लँडलॉकचं उत्तर झालं, ‘नाही, हा टीसीपी नाही’.

ही दुरुस्ती शब्दाला धरून बरोबर आहे. एससीटीपीच्या बाबतीत तर निर्विवाद. पण एमपीटीसीपीच्या बाबतीत मला ती खटकते, कारण तो दुसऱ्या टोकाला साधं टीसीपी म्हणून पोहोचू शकतो. ‘टीसीपी कनेक्शन नको’ असं लिहिणाऱ्याच्या मनात तारेवरचं टीसीपी असतं, कर्नलच्या खान्यातला आकडा नसतो. लिहिणाऱ्याचा हेतू आणि नियमाचा शब्द यांच्यात फट पडली, आणि लेखाच्या सुरुवातीचा प्रोग्रॅम त्या फटीतूनच गेला.

यात दुष्ट हेतू असायलाच हवा असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गो या प्रोग्रॅमिंग भाषेची १.२४ आवृत्ती आली. तिच्यात लिनक्सवर ऐकणारी सॉकेटं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूची, जिथे सोय असेल तिथे आपोआप एमपीटीसीपीची होतात. प्रोग्रॅमरने एक अक्षर बदललेलं नाही, फक्त नव्या आवृत्तीने पुन्हा बांधणी केली. आणि त्याच्या सर्व्हरला ‘ठरावीक पोर्ट सोडून टीसीपी बाइंड नको’ असं लँडलॉकचं बंधन असेल, तर ते आता त्याच्या सॉकेटांना लागू होत नाही. काहीच मोडत नाही, लॉगमध्ये काही येत नाही, प्रोग्रॅम छान चालतो. सुरक्षेतली सगळ्यात वाईट बिघाडाची तऱ्हा हीच, जी कोणाच्या लक्षात येत नाही.

याहून चमत्कारिक वाटही आहे. कर्नलच्या ६.६ आवृत्तीपासून व्यवस्थापक एक लहानसा बीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलच्या आत चालवता येणारं छोटं कोड) लावून टीसीपीचं मागणं आतल्या आत एमपीटीसीपीत बदलू शकतो. हा बदल उंबरठा ओलांडल्यावर आणि आतल्या हुकांआधी होतो. मग सेककॉम्पला ६ दिसतो, हुकांना २६२. एकाच सॉकेटबद्दल दोन पहारेकऱ्यांच्या वहीत दोन वेगळ्या नोंदी, आणि दोन्ही खऱ्या.

आकडा ओळखला म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. एमपीटीसीपीत प्रोग्रॅम एकदाच कनेक्ट म्हणतो, पण नंतरचे सबफ्लो कर्नल स्वतः जोडतो. समोरचा सर्व्हर ‘माझा हाही एक पत्ता आहे’ असं कळवू शकतो आणि, व्यवस्थापकाने मुभा दिलेली असेल तर, कर्नल त्या पत्त्याला नवा सबफ्लो जोडतो. प्रोग्रॅमच्या तोंडून त्या पत्त्याचं नाव कधी निघालेलंच नाही. शिवाय असा सबफ्लो कर्नलने बनवलेला असल्यामुळे एसईलिनक्सच्या नजरेत त्यावर प्रोग्रॅमचा नाही, कर्नलचा शिक्का लागायचा. कर्नलच्या शिक्क्याला बहुतेक सगळीकडे वाट मोकळी असते किंवा, धोरण काटेकोर असेल तर, अनपेक्षित नकार मिळतो. दोन्ही वाईट. ६.५ आवृत्तीत, २०२३ मध्ये, यासाठी खास हुक घातला गेला: सबफ्लो जोडताना मूळ सॉकेटची ओळख त्याच्यावर उतरवायची. मूल कोणाचं ते नोंदवलं गेलं.

एससीटीपीत अनेक पत्त्यांची गोष्ट मुळापासूनच आहे. हा प्रोटोकॉल २००० सालचा, टेलिफोनच्या जाळ्यातले संकेत आयपीवरून नेण्यासाठी घडवलेला. एका बाजूला एकापेक्षा जास्त पत्ते असणं तिथे नेहमीचं. पण नेहमीचं बाइंड एका वेळी एकच पत्ता घेतं. मग अनेक पत्ते द्यायचे कसे? त्यासाठी सॉकेटची सेटिंग बदलण्याच्या कॉलमधूनच पत्त्यांची अख्खी यादी देण्याची सोय झाली. जोडणंही तसंच करता येतं. म्हणजे ‘पर्याय बदला’ असं लिहिलेल्या खिडकीतून ‘जोडा’ हे काम. बाइंड आणि कनेक्टच्या दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला याचा पत्ताच नाही. एसईलिनक्सला एससीटीपी नीट हाताळता यावं म्हणून ४.१७ आवृत्तीत, २०१८ मध्ये, स्वतंत्र हुक आणले. ते या खिडकीवर बसतात आणि यादीतला एकेक पत्ता तपासतात.

टीसीपीतही अशी एक खिडकी आहे. टीसीपी फास्ट ओपनमध्ये पाठवण्याच्या कॉलला एक खूण जोडली की तोच कॉल आधी कनेक्शन सुरू करतो आणि पहिल्याच पॅकेटसोबत डेटा नेतो, वेगळं कनेक्ट करावंच लागत नाही. नियम लिहिताना ‘कनेक्ट’ हा शब्द आपण क्रियेसाठी वापरतो आणि कर्नलमध्ये तो एका दाराचं नाव असतो. क्रिया एक आणि दारं अनेक, हे ध्यानात ठेवलं की अर्ध्या चुका आधीच दिसू लागतात.

एसएमसी हा प्रोटोकॉल आयबीएमकडून आला, मोठ्या सर्व्हरांमध्ये एकमेकांच्या मेमरीत थेट लिहिण्यासाठी. आधी टीसीपीने ओळख करून घ्यायची, दोघांकडे योग्य हार्डवेअर असेल तर मेमरीची वाट धरायची, नसेल तर टीसीपीवरच राहायचं. म्हणजे एमपीटीसीपीसारखंच, बाहेरून वेगळं नाव आणि आत टीसीपी. लिनक्समध्ये तो ४.११ आवृत्तीपासून, २०१७ पासून, स्वतःच्या घराण्यात आहे, घराण्याचा आकडा ४३. ज्यांनी घराण्यांवर बंदी घातली होती त्यांना तो आपोआप अडत होता. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सेवेला ठरावीक घराणीच वापरू देण्याचा पर्याय आहे, आणि बरेच लोक तिथे दोन्ही आयपी आणि युनिक्स एवढंच लिहून निर्धास्त असतात. मात्र ६.११ आवृत्तीत, २०२४ मध्ये, एसएमसीला दुसरी वाट मिळाली: २, १, २५६. घराणं आता साधं आयपी. घराण्याच्या नावाने लावलेली चाळण त्याला अडवत नाही, कारण चाळण लिहिली तेव्हा ही वाट अस्तित्वातच नव्हती. अ‍ॅपआर्मरचे घराणं आणि तऱ्हा पाहणारे नियमही इथे उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा आयपी घराण्यातला एक प्रवाह, बस्स.

क्विकबद्दल थोडक्यात. २०२१ साली प्रमाण झालेला हा प्रोटोकॉल आज ब्राउझर सर्रास वापरतात, आणि तो कर्नलमध्ये नसून बहुधा प्रोग्रॅमच्याच आत असतो. कर्नलला दिसतात फक्त यूडीपीचे सुटे निरोप. कनेक्शन कुठे सुरू झालं, कुठे संपलं, पत्ता मध्येच बदलला का, यातलं काहीही कर्नलला माहीत नसतं. त्यामुळे फक्त टीसीपीचे हक्क आवळलेत आणि यूडीपी मोकळं आहे, तर वेबचा बराचसा व्यवहार त्या मोकळ्या बाजूने जाऊ शकतो. इथे पोर्ट किंवा पत्त्याच्या पातळीवर यूडीपीलाच आवर घालावा लागतो.

आतापर्यंत बोललो ते ‘कुठे जोडता येईल’ याबद्दल. सॉकेट बनवण्याच्याच पायरीवर नकार द्यायला आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त वजनदार वाटतं. क्वचित लागणाऱ्या प्रोटोकॉलचं कोड बहुधा वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतं. कोणीतरी ते सॉकेट मागितलं की कर्नल मॉड्यूल आपोआप चढवतो, आणि मागणारा साधा वापरकर्ता असला तरी चालतं. म्हणजे कोणालाही न लागणारं, फारसं कोणी न तपासलेलं कोड एका मागणीवर कर्नलमध्ये जिवंत होतं. डीसीसीपी हे याचं उदाहरण. हा प्रोटोकॉल २००५ साली लिनक्समध्ये आला, कधी फारसा रुळला नाही. २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव या संशोधकाने त्यात एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक दाखवली. साध्या वापरकर्त्याला त्यातून कर्नलवर ताबा मिळवता येत होता, आणि ती चूक बहुधा पहिल्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त काळ तिथेच होती. ज्यांनी ते मॉड्यूल आधीच बंद ठेवलं होतं त्यांना त्या दिवशी काही करावं लागलं नाही. २०२५ मध्ये ६.१६ आवृत्तीत डीसीसीपी कर्नलमधून काढूनच टाकला.

आता नियम लिहायला बसलात तर काय करावं? माझं ठाम मत: नको असलेल्यांची यादी करू नका, हव्या असलेल्यांची करा. ‘२६२ नको, १३२ नको’ अशी यादी नव्या प्रोटोकॉलच्या दिवशी जुनी होते, २५६ ने ते दाखवलं. ‘घराणं २ किंवा १०, तऱ्हा १, प्रोटोकॉल ० किंवा ६, बाकी सगळ्याला नकार’ ही यादी जुनी झाली तरी सुरक्षितच राहते. फार तर नवी सोय चालणार नाही, आणि ती चालत नसल्याचं लगेच कळेल. हे सेककॉम्पने सॉकेट मागतानाच करता येतं. सीग्रुपला (कर्नलने एकत्र धरलेल्या प्रोग्रॅमांच्या गटाला) जोडलेल्या बीपीएफ प्रोग्रॅमने सेवांच्या अख्ख्या गटालाही लावता येतं, तिथेही तिन्ही आकडे मिळतात. त्याच्या जोडीला लँडलॉक ठेवा, कारण पोर्ट त्यालाच दिसतो. एक आकडा पाहतो, दुसरा पोर्ट. दोघांनी मिळून सुरुवातीची फट बुजते. सेककॉम्प लावल्यावर आयओ-युरिंग मात्र वेगळं बंद करा, नाहीतर वर सांगितलेली रांगेची वाट उरतेच.

नकार कसा द्यायचा यालाही महत्त्व आहे. सेककॉम्पला नियम मोडणारा प्रोग्रॅम तिथेच ठार करायला सांगता येतं. इथे तसं करू नका. गोचं रनटाइम एमपीटीसीपी मागून पाहतं, आणि ‘हा प्रोटोकॉल इथे नाही’ असं उत्तर आलं की निमूटपणे टीसीपीवर येतं. त्रुटीचा क्रमांक परत दिलात तर प्रोग्रॅम चालत राहील आणि सॉकेट टीसीपीचं, म्हणजे तुमच्या नियमाच्या कक्षेतलं मिळेल. ठार केलात तर निरपराध सर्व्हर सुरू होतानाच पडेल. एमपीटीसीपी कोणालाच नको असेल तर कर्नलच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क नेमस्पेसनिहाय (मशीनवरच्या प्रत्येक वेगळ्या नेटवर्क-कप्प्यापुरतं) बंद करता येतं, आणि ते सगळ्यात सोपं.

हव्या असलेल्यांची यादी हा विचार इतरत्र मुळातच रुजलेला आहे. फ्रीबीएसडीच्या कॅप्सिकममध्ये प्रोग्रॅम एकदा क्षमता-मोडमध्ये गेला की त्याला नव्या पत्त्याला जोडताच येत नाही. आधी उघडून दिलेली, हक्क ठरवून दिलेली सॉकेटं तेवढी वापरायची. प्रोटोकॉलचं नाव काय, हा प्रश्नच उरत नाही. ओपनबीएसडीच्या प्लेजमध्ये प्रोग्रॅम ‘मला इंटरनेट लागेल’ असा शब्द देतो, आणि तो शब्द दिला नसेल तर इंटरनेटचं सॉकेट नाही. बारीक नियम करता येत नाहीत हे खरं, पण लिहिताना चुकायला जागाही कमी.

लिनक्समध्ये मात्र चाचणीला पर्याय नाही. सँडबॉक्स लावल्यावर त्याच्या आतून चालवायचा एक लहान प्रोग्रॅम लिहा. त्यात तिसऱ्या आकड्यासाठी ०, ६, १३२, २५६ आणि २६२ असे पाचही आकडे फिरवा, दोन्ही आयपी घराण्यांत. मग घराणं ४३ वेगळं मागून बघा. प्रत्येक सॉकेटवर नको असलेल्या पोर्टला जोडून पाहा, तेच फास्ट ओपनने पाठवूनही पाहा, आणि कुठली पायरी नाकारली गेली ते छापा. कर्नल बदलला, भाषेची आवृत्ती बदलली की पुन्हा चालवा. सर्व्हरच्या बाजूला आणखी एक ओळ हवी: बाइंड न करता थेट लिसन. टीसीपीत तसं केलं की कर्नल स्वतःच एखादा रिकामा पोर्ट निवडून देतो आणि सॉकेट ऐकू लागतं. फक्त बाइंडवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ते दिसत नाही.